तीन जबडे आणि एक लाटणे

फिरत्या लेथवर वस्तू घट्ट धरून ठेवणाऱ्या पोलादी पंजाला कारखान्याच्या भाषेत चक म्हणतात. गळाच्या काठीची मूठ कातण्यासाठी स्वस्तातला चक कोणता घ्यावा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला, तरी त्याची मुळे मनुष्यस्वभावात, विशेषतः बाजारातली कोणतीही वस्तू आपण घरी अधिक चांगली करू शकतो या निवृत्तीनंतर बळावणाऱ्या समजुतीत रुजलेली आहेत. हैदराबादच्या चिक्कडपल्लीतील ज्या घराच्या मागील व्हरांड्यात हा प्रश्न उपस्थित झाला, त्या घरात मासा शिजत नाही आणि तेथील कोणी आजवर गळ टाकलेला नाही. मासा हवाच असला, तर रामनगरचा मासळी बाजार पायी गाठता येतो. मृग लागला की त्या दिवशी मासा खायचाच म्हणून तेथे माणसांचा पूर लोटतो आणि त्या गर्दीत एकाही गिऱ्हाइकाने, हा मरळ कोणत्या मुठीच्या काठीने धरला, अशी चौकशी केल्याचे ऐकिवात नाही. तरीही रत्नागिरीस राहणाऱ्या आणि सुटीच्या दिवशी खडपावर बसून गरवणाऱ्या, म्हणजे गरी टाकून मासे धरणाऱ्या जावयाला स्वहस्ते मूठ करून देण्याचा शब्द घराच्या कर्त्या पुरुषाने भर पंक्तीत देऊन टाकला. तो कर्ता पुरुष म्हणजेच प्रस्तुत लेखक होय.

चकांचे मुख्य प्रकार तीन मानता येतील. पहिला थ्री-जॉ, म्हणजे तीन जबड्यांचा. त्याच्या पोटात गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी खाच असलेली एक तबकडी असते आणि चावी फिरवली की ती तबकडी फिरून तिन्ही जबडे एकदम आत किंवा बाहेर सरकतात. दुसरा फोर-जॉ, ज्याचा प्रत्येक जबडा स्वतंत्र स्क्रूने हलतो, त्यामुळे अचूकता हवी तेवढी मिळते. मात्र वस्तू मध्यावर आणण्यासाठी लागणारा संयम चकाबरोबर मिळत नाही. तिसरा कॉलेट चक, ज्यात चिरा पाडलेली पोलादी नळी सगळीकडून आवळली जाते. यातील ईआर-३२ या मापाच्या नळ्या २ ते २० मिलिमीटरपर्यंतचे दांडे धरतात, पण एक नळी जेमतेम एका मिलिमीटरचाच फरक सांभाळत असल्यामुळे अख्खी पेटी विकत घ्यावी लागते. लेखकाने सखोल अभ्यासाअंती ८० मिलिमीटर व्यासाचा, चिनी नामावलीत के-११ म्हणून ओळखला जाणारा थ्री-जॉ चक निवडला, कारण तो स्वस्त होता. स्वस्त या शब्दाची व्याख्या येथेच करून ठेवणे इष्ट ठरेल: ज्या वस्तूच्या किमतीत बॅकप्लेट, बोल्ट, डायल गेज आणि ते उभे करण्याचा चुंबकी स्टँड धरलेला नसतो, ती वस्तू स्वस्त.

चक आला, तेव्हा त्याचे जबडे वेगळ्या पिशवीत होते. ते बसवून चावी फिरवली असता तिघे तीन निरनिराळ्या ठिकाणी थांबले, मध्यावर भेटायला तयार होईनात. त्यावरून लेखकाने जागतिक उत्पादनव्यवस्थेच्या ऱ्हासावर दोन पानी तक्रारपत्र लिहिले. ते पत्र रवाना होण्यापूर्वी वरच्या खोलीत राहणारा, दिवसभर चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा तरुण खाली आला आणि जबड्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले आहेत, ते कशासाठी, असे त्याने अत्यंत नम्रपणे विचारले. प्रत्येक जबड्याचे दाते शेजारच्या जबड्यापेक्षा एक तृतीयांश पायरी पुढे कापलेले असतात, म्हणून ते आकड्यांच्या क्रमानेच खाचेत सोडावे लागतात. तक्रारपत्र अद्याप जपून ठेवलेले आहे, कारण त्याची भाषा चांगली साधली आहे.

यापुढची पायरी परीक्षेची होती. चक फिरताना त्यातील वस्तू मध्यापासून किती हेलकावते, त्याला रनआउट म्हणतात आणि तो डायल गेजच्या काट्यावर मोजतात. कारखान्यात ‘जॉब आउट मारतो’ असे म्हटले जाते. परीक्षेसाठी पूर्ण गोल असा पोलादी दांडा धरायचा असतो. घरात तसा दांडा नव्हता, लाटणे होते.

लाटण्याविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. लाटणे ही कातकामातील अशी वस्तू आहे की जिला जन्मतः चक लागला नाही. पूर्वीचा कातारी, ज्याला इकडे खरादी म्हणतात, लाकडाचा तुकडा लोखंडाच्या दोन टोकांमध्ये अडकवी, त्याला दोरीचा वेढा देई आणि ती दोरी मागेपुढे ओढली की लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरे. पटाशीची धार एकाच दिशेला चालत असल्याने परतीच्या फेऱ्यात ती अलगद उचलून धरावी लागे. म्हणजे अर्धे आयुष्य कापण्यात आणि अर्धे थांबण्यात जाई, आणि तरीही पाळण्यांचे खांब, चौरंगांचे पाय, भोवरे आणि सावंतवाडीची खेळणी गोल होत आली. तिकडे आंध्रातील एटिकोप्पाक्याला आजही फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली जाते आणि घर्षणाच्या उष्णतेनेच रंग वितळून लाकडावर चढतो. लाटण्याचे सार्वजनिक कार्यही लहान नाही. १९७०च्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्या लाटण्यांचा रनआउट मोजण्याची गरज कोणालाही भासली नाही. सरकारला ती पुरेशी सरळ वाटली. एवढ्या थोर परंपरेतील वस्तू चकात धरण्यापूर्वी गृहस्वामिनीची परवानगी घ्यायला हवी होती, हे निरीक्षण बरोबर आहे. तथापि ते नंतरचे आहे.

लाटणे चकात आवळले गेले, लेथ सुरू झाला आणि डायल गेजचा काटा पिसाळल्यासारखा धावू लागला. चक सदोष असल्याचा निष्कर्ष काढून लेखकाने तो कवाडीगुड्यातील एका निवृत्त टर्नरकडे नेला. त्याने लाटणे हातात घेऊन डोळे मिटले, त्यावरून अंगठा फिरवला आणि सांगितले की चक ठीक आहे, लाकूडच एका अंगाने झिजलेले आहे. मग काठीची मूठ किती मापात बसली पाहिजे हे ऐकून घेऊन तो म्हणाला, “काइकू परेशान होरैं साब, ये हात में पकडने की चीज है, मिसाइल में बिठाने की नै.”

या वाक्यात संपूर्ण शास्त्र सामावलेले होते. मूठ बुचाच्या चकत्यांची असते. साधारण अर्धा इंच जाडीच्या या चकत्या पोलादी सळईवर ओवून, सरसाने जोडून, सँडपेपरने उतरवतात. एकदा पकडलेली वस्तू न सोडता कातली, तर चक कितीही आउट असला, तरी कातलेला पृष्ठभाग यंत्राच्या आसाशी गोलच येतो. दोष उरतो तो फक्त आतल्या भोकात, आणि ते भोक तर निमुळत्या काठीवर बसवण्यासाठी कानशीने मोठे करून फटीत इपॉक्सी भरायचाच असतो. ज्या बुचात अंगठा दाबला तर खळगा पडतो, त्यासाठी लेखक मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजत बसला होता.

ज्या कवाडीगुड्यात तो चक नेला, तेथेच १९४३ साली स्थापन झालेली प्रागा टूल्स ही कंपनी होती आणि तिचे चक देशभरच्या कारखान्यांत लेथवर चढत असत. चिक्कडपल्लीहून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर म्हणता येईल, आणि आता तोच पंजा समुद्र ओलांडून खोक्यातून दारात येतो. वरच्या खोलीतील तरुणाला प्रागा हे नाव तोंडपाठ होते. १९६९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, बहुतेक भाग सरकारचे असले तरी ही कायद्याने निर्मिलेली संस्था नव्हे, म्हणून तिच्याविरुद्ध परमादेश काढता येणार नाही, असे ठरवले, हे त्याने एका दमात सांगितले. ती कंपनी काय बनवत असे, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हते. यात त्या मुलाचा दोष नाही. तरीही डोळे मिटून अंगठ्याने लाकडाची झीज ओळखणारा माणूस शहरात शिल्लक असताना, त्याचे ज्ञान कोणत्याच प्रश्नपत्रिकेत येऊ नये, याचा राग येतो, आणि तो राग विनोदात पुरता विरघळत नाही.

ती झीज कोणाची, हे घरी आल्यावर उमगले. लाटणे लेखकाच्या आईचे, लग्नात नांदेडहून आलेले. आई उजव्या हातावर भार देऊन पोळी लाटत असे, आणि चाळीस वर्षांत त्या अंगाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लाकूड उतरले होते. डायल गेजने ज्याला दोष म्हटले, तो तिचा हात होता. मूठ पुढे मापाविना, चाचपून कातली गेली, आणि पाठवल्यावर जावयाने ती हाताला छान बसते असे कळवले. ओल्या हातातून सटकू नये म्हणून वरून बॅडमिंटनची टेप गुंडाळली आहे, हे त्याने त्याच वाक्यात सांगितले.

लाटण्याच्या टोकाला मात्र तीन जबड्यांचे तीन व्रण राहिले, आणि पोळी मोठी झाली की तिच्या काठावर ते उमटतात. “निदान पोळीवर तरी तुमची सही आली,” एवढेच गृहस्वामिनी म्हणाल्या. ते व्रण सँडपेपरने काढून देण्याची तयारी लेखकाने दाखवली होती. पण त्यासाठी लाटणे पुन्हा चकात धरावे लागेल आणि मग ते गोल होऊन बसेल, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आले, आणि लाटणे निमूटपणे पोळपाटावर गेले.