अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यास अनावृत पत्र

माननीय अठ्ठावीस दिवसांचा महिना यांस,
यवतमाळ जिल्ह्यातील समस्त प्रीपेडवाल्यांचा साष्टांग नमस्कार.

पंचांगातला अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयाला वाण तरी मिळवून देतो. आपण तेरावा महिना दरसाल काढता, तोही वाणाशिवाय.

3 जुलै 2024 च्या दरवाढीत एअरटेलचा 28 दिवसांचा रिचार्ज 199 रुपयांना झाला, 365 दिवसांचा 1999 ला. तेरा वेळा 199 मारले की 2587. म्हणजे 588 रुपये जास्त देऊन दिवस भरायचे 364! डेटा दोन्हीकडे जवळपास तेवढाच होता.

मग वर्षाचाच मारावा, असे शहाणे सांगतात. पण एकदम एवढे पैसे आणायचे कुठून? 28 फेब्रुवारी 2024 रोजी पीएम किसानचा सोळावा हप्ता यवतमाळमधूनच सुटला. (तारीख आपल्या आवडीची, पण तो फेब्रुवारीसुद्धा 29 दिवसांचा निघाला.) हप्ता 2000 रुपयांचा, वर्षाचा रिचार्ज तेव्हा 1799 चा. जुलैनंतर त्याच हप्त्यातून वर्षभर बोलायचे, तर हाती एक रुपया उरायचा. तरी शेतकऱ्याला कापूस विकल्यावर एकरकमी पैसा दिसतो. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी बाजाराच्या दिवशी हाती येते आणि बाजारातच संपते. ती 199 चाच मारणार. 2024 च्या त्या दरांत दिवसाला तिला 7 रुपये 11 पैसे पडत, एकदम 1999 मोजणाऱ्याला 5 रुपये 48 पैसे. ज्याच्याकडे कमी, त्याला महाग. आपली ही सोय फारच सुबक आहे.

लांब मुदतीतही खोड आहेच. मध्येच नंबर पोर्ट केला की उरलेले दिवस बुडाले. झरी-जामणीकडच्या एखाद्या पोडावर (पाड्यावर) राहणाऱ्याने आधी रेंज कोणाची येते ते पाहावे, मग वर्षाचे पैसे टाकावेत.

दूरसंचार नियामक ट्रायने जानेवारी 2022 मध्ये 30 दिवसांचा निदान एक प्लॅन सक्तीचा केला. आपली गादी हलली नाही. डिसेंबर 2024 मध्ये फक्त कॉल-एसएमएसचे पॅक आणायला लावले. त्यावर एअरटेलने 365 दिवसांचा 1849 ला दिला. जिओने 1748 ला दिला तो 336 दिवसांचा, म्हणजे आपल्याच बारा भावंडांचे वर्ष.

तेव्हा विनंती आपल्याला नाही, ट्रायला आहे: प्रत्येक रिचार्जवर दिवसाचा दर ठळक छापायला लावा, आणि 28 दिवसवालीकडून वर्षवाल्यापेक्षा किती जास्त घ्यायचे याला मर्यादा घाला.