बारा टोपल्यांचा हिशेब

प्रत्येक मंडळीत असा एक माणूस असतो. अर्पणाच्या थाळीत चिकटपट्टी लावलेली दहाची नोट कुणी टाकली, हे त्याला मान वर न करता कळतं. गाण्याचं शेवटचं कडवं संपायच्या आत त्याच्या डोक्यात थाळीची बेरीज झालेली असते. प्रार्थनेसाठी त्याचे डोळे मिटलेले असतात, पण पंखा उगाच चालू असलेला त्याला मिटल्या डोळ्यांनीही दिसतो.

आमच्या नगरच्या मंडळीतला हा माणूस म्हणजे मास्तर. निवृत्त गणितशिक्षक आणि मंडळीचे खजिनदार. दर निवडणुकीला 'आता तरुणांनी पुढं यावं' असं म्हणून ते उभे राहतात आणि बिनविरोध येतात, कारण किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडून मागून घ्यायची कुणाची छाती नाही. शहराचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी जुन्या नावाची पावतीपुस्तकं संपेपर्यंत त्यांनी नवी छापू दिली नाहीत. नव्या नावाचा रबरी शिक्का तेवढा करून घेतला. त्याचीही पावती आहे.

हे घराण्यातच आहे म्हणतात. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं, शाळा निघाल्या, आणि पुढं मास्तरांचे आजोबा त्यातल्या एका शाळेत शिकवायला लागले. तिथं खडूच्या पेटीलाही व्हाउचर लागे. साहेब गेले, व्हाउचर राहिलं.

मास्तरांचं आवडतं वाक्य एकच: "पैसा आपला नाही, प्रभूचा. आपण नुसते कारभारी." ऐकायला मोठं नम्र वाटतं. त्याचा उपयोग मात्र मास्तर दाळमंडईत तूरडाळ घेताना करतात. "माझे असते तर दिले असते हो दोन रुपये जास्त. पण पैसे माझे नाहीत ना!" त्या दुकानदाराचा कित्येक वर्षं असा समज होता, की मास्तर कुणा मोठ्या शेटकडं नोकरीला आहेत आणि शेट भलताच कडक आहे. अगदीच चूक समज म्हणता येत नाही.

पेन्शन जमा झाली, की दुसऱ्या दिवशी मास्तर बँकेतून ती काढून आणतात आणि जेवणाच्या टेबलावर पाकिटं मांडतात. पाकिटं नवी नाहीत, लग्नपत्रिकांची आहेत. वरची नावं खोडून खाली मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: वीज, दूध, औषध, नाताळ, कापणी, ऐनवेळी. पण सगळ्यांत आधी भरतं ते 'प्रभू' लिहिलेलं पाकीट. दशांश. त्यात दहाव्या भागाला एक रुपया कमी नाही, आणि मास्तर असल्यामुळं जास्तही नाही.

दशांश म्हणजे दहावा भाग, यात वाद नाही. वाद असतो कशाचा दहावा भाग याचा. मूळ पेन्शनचा, की हातात पडलेल्या रकमेचा? महागाई भत्त्यावर द्यायचा का? यावर मास्तरांनी एक आख्खा पावसाळा विचार केला आणि निकाल दिला, "महागाई प्रभूलाही आहे. चर्चचं वीजबिल बघितलंय का?" सातव्या वेतन आयोगाचा फरक हप्त्याहप्त्यानं आला, तेव्हा त्यावरचा दशांशही हप्त्याहप्त्यानं गेला. गॅसची सबसिडी खात्यात आली, त्यावरही गेला. तेव्हा बाईंनी डोक्याला हात लावला.

बाई म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती. त्याही शिक्षिका होत्या, मराठीच्या. रेव्हरंड टिळक याच नगरात राहिले. टिळकांच्या घरात पैसा टिकत नसे आणि पाहुणा हलत नसे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. बाई म्हणतात, "लक्ष्मीबाईंच्या वाट्याला कवी आला, माझ्या वाट्याला गणिताचा मास्तर. कुणाचे हाल जास्त, ते वर गेल्यावर दोघी बसून ठरवू."

एकदा कोथिंबीरवाली दारात उभी, सुटे नाहीत आणि मास्तर घरात नाहीत, म्हणून बाईंनी 'प्रभू' पाकिटातून चाळीस रुपये घेतले. आत चिठ्ठी ठेवली: 'घेतले 40. परत करीन.' खाली सही. संध्याकाळी मास्तरांनी पाकीट उघडलं आणि चष्मा काढून खुर्चीत बसले. पैसे परत करण्याचा प्रश्न नव्हता. व्याजाचं काय? प्रश्न पाळकसाहेबांपर्यंत गेला. साहेबांनी मोशेचं नियमशास्त्र काढलं: गरजू भावाकडून व्याज घेऊ नये. मास्तरांनी मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढला: पैसे पुरून ठेवणाऱ्या चाकराला धनी काय म्हणाला? निदान सावकाराकडं ठेवले असतेस, तर व्याज तरी आलं असतं! अर्धा तास झाला. चहा झाला. शेवटी बाईंनी चाळीसच्या जागी पन्नास आणून टेबलावर आपटले आणि म्हणाल्या, "घ्या. वरचे दहा तुमच्या दोघांच्या चहाचे." ते दहा कोणत्या पाकिटात टाकायचे, यावर मास्तर रात्री उशिरापर्यंत जागे होते.

पाळकसाहेब तरुण आहेत. एका रविवारी त्यांनी धीर करून परूशांवर संदेश दिला. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश मोजून देणारे, पण न्याय आणि दया विसरणारे लोक. मंडळीतल्या सगळ्या माना हळूच तिसऱ्या बाकाकडं वळल्या. मास्तर शांतपणे वचन उघडून बसले होते. उपासना सुटल्यावर त्यांनी दारातच साहेबांना गाठलं. "संदेश छान झाला. फक्त वाक्य पूर्ण वाचायला हवं होतं. ते करा आणि हेही सोडू नका, असं आहे तिथं. तेविसावा अध्याय, तेविसावी ओवी." वाक्य खरोखरच तसं आहे. साहेबांनी घरी जाऊन पाहिलं.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की मास्तरांचा विश्वास कमी. तसं मुळीच नाही. आकाशातली पाखरं पेरीत नाहीत, कापीत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं, यावर मास्तरांची पूर्ण श्रद्धा आहे. फक्त पाखरांना घरपट्टी नसते, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचा सगळा धर्मविचार पाच भाकरींच्या गोष्टीवर उभा आहे. ती गोष्ट आपण सगळे चमत्कारापाशी संपवतो. पाच भाकरी, दोन मासे, पाच हजार पुरुष जेवले, स्तुती असो. मास्तरांची गोष्ट तिथं सुरू होते. "पुढं काय केलं प्रभूनं? उरलेले तुकडे गोळा करा म्हणाला! काही वाया जाऊ नये म्हणून! ज्याला पाहिजे तेव्हा आणखी भाकरी करता येत होत्या, त्यानं तुकडे गोळा करायला लावले. आणि मोजले. बारा टोपल्या. मोजले नसते तर बारा हा आकडा आला कुठून?" यावर आजतागायत कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

कुणी म्हणालं, 'प्रार्थना करा, प्रभू पुरवील, हिशेब कशाला', की मास्तर ब्रिस्टलला पोचतात. तिथल्या जॉर्ज म्युलरनं हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि त्यासाठी माणसांपुढं हात पसरला नाही, फक्त प्रार्थना केली. त्याचं चरित्र वाचून पंडिता रमाबाईंना केडगावच्या कामासाठी बळ मिळालं. हे सगळे सांगतात. पण म्युलर देणगीची छापील पावती देत असे आणि दरवर्षी जमाखर्च छापत असे, हे सांगायला मास्तरच लागतात. "विश्वास प्रभूवर," ते बोट वर करतात, आणि मग तेच बोट टेबलावर टेकवून, "पावती माणसाकडून."

म्हणून चर्चमधलं दान ते कधी एकट्यानं मोजत नाहीत. दोन डिकन समोर, दोन सह्या, मग कुलूप. नवा डिकन एकदा म्हणाला, "मास्तर, तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे." मास्तर म्हणाले, "बारा शिष्यांत पैशाची थैली कुणाकडं होती, माहीत आहे ना? त्याच्यावरही सगळ्यांचा होता."

मध्यंतरी तरुण संघानं हट्टानं क्यूआर कोड आणला. सोबत तो बोलका डबा आला. कुणीतरी तो वेदीजवळच्या टेबलावर ठेवला, कारण वायर तिथवरच पोचत होती. पहिल्या रविवारी पापकबुलीची मूक प्रार्थना चालू होती. सगळीकडं शांतता. आणि डबा खणखणीत आवाजात म्हणाला, "पाच रुपये प्राप्त झाले." पाठोपाठ, "दोन रुपये प्राप्त झाले." मागच्या बाकावरची पोरं कोड चालतो का, हे बघत होती. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, अशी आज्ञा असताना इथं आख्ख्या गल्लीला कळायला लागलं. डब्याची त्याच दिवशी मास्तरांच्या कपाटात रवानगी झाली. कोड मात्र राहिला, कारण दर पैशाची नोंद आपोआप छापून मिळते हे कळल्यावर मास्तरांना त्यात प्रभूची योजना दिसू लागली.

मुलगा पुण्याला संगणकात आहे. त्यानं सांगितलं, "बाबा, महागाई तुमची एफडी खाऊन टाकते." मास्तर म्हणाले, "पृथ्वीवरच्या धनाला कसर, जंग आणि चोर लागतात हे मत्तयानं लिहून ठेवलंय. टीडीएस तेवढा राहिला. आणि तो स्वतः जकातदार होता!" शेवटी योसेफानं सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, या आधारावर त्यांनी मुलाकडून एक एसआयपी करून घेतली. आता सकाळची भक्ती झाली की आधी एनएव्ही बघतात, मग पेपर.

दामदुप्पटवाल्यांची मात्र त्यांच्यापुढं डाळ शिजत नाही. एकदा कोट घातलेला एक बंधू आला होता. तोंडात दर वाक्याला 'आशीर्वाद', बॅगेत चकचकीत माहितीपत्रकं. मास्तरांनी त्याला सरबत दिलं, सोबत प्रार्थना केली आणि मग विचारलं, "नोंदणी क्रमांक?" बंधूला एकदम दुसरीकडं जायचं आठवलं.

आमच्या धाकट्या भावाला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन हवा होता. मास्तरांनी त्याला समोर बसवून नीतिसूत्रांचे अध्याय सहा, अकरा, सतरा आणि बावीस वाचून दाखवले. जामीन राहू नये, हे शलमोनानं किती ठिकाणी बजावलंय, याची त्यांच्याकडं यादीच आहे. भाऊ उतरलेल्या तोंडानं घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दारात. हातात 'ऐनवेळी'चं पाकीट. "सही करणार नाही. हे घे. हे कर्ज नाही. कर्ज म्हटलं, की तू मला चुकवण्यासाठी रविवारी मागच्या दारानं पळशील, आणि माझं उपासनेत लक्ष लागणार नाही." भाऊ गहिवरला. तेव्हा त्याला कल्पना नव्हती, की दानाबरोबर सल्ला जन्मभर फुकट येतो. आजही तो टपरीवर चहा घेताना दिसला, की मास्तर सायकल थांबवतात आणि म्हणतात, "घरी दूध येत नाही का रे?"

आणि तरीही वर्षातून एक दिवस असा येतो, की मास्तरांचं सगळं गणित कोलमडतं. कापणीचा सण. त्या दिवशी लोक आपापल्या घरचं काही ना काही घेऊन येतात. बाजरी, ऊस, कोंबडी, केक, अंडी. उपासनेनंतर मांडवात लिलाव होतो. वीस रुपयांची मेथीची जुडी दोनशेला जाते, घेणारा ती पुन्हा दान करतो, मग ती दीडशेला जाते. हिशेबाच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि त्याच्या वहीला मास्तर बसलेले असतात.

गेल्या वेळी बाईंनी परसातला लाल भोपळा दिला होता. चांगला मोठा, आठ किलोंचा. पन्नासावरून बोली सुरू झाली. भोपळा आपल्या घरचा, तो पडेल भावात जाऊ नये म्हणून मास्तरांनी मान खाली ठेवूनच शंभर म्हटलं. स्त्रियांच्या बाजूनं आवाज आला, "दीडशे." मास्तर दोनशे. तिकडून अडीचशे. मास्तरांनी पाकिटात किती आहेत ते चाचपून पाहिलं आणि चारशे म्हणाले. तिकडून पाचशे. आता मांडवात हसू पसरायला लागलं होतं, पण मास्तर लिहिण्यात दंग. तो आवाज खुद्द बाईंचा होता. त्यांनाही भोपळा पडेल भावात जाऊ द्यायचा नव्हता. बोली पुकारणाऱ्या डिकननं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि प्रभूच्या कामाचा विचार करून तोंड मिटून घेतलं. सहाशे. सातशे. साडेआठशे. अकराशेला बाईंनी हात वर केला, तेव्हा कुठं मास्तरांनी खरेदीदाराचं नाव लिहायला मान उचलली.

क्षणभर ते नुसते बघत राहिले. मग पेन टोपणात घालून त्यांनी सगळ्यांसमोर 'कापणी'चं पाकीट उघडलं. त्यात पाचशेच होते. 'ऐनवेळी' उघडलं. त्यात दोनशे. उरलेले चारशे बाईंनी पदराच्या गाठीतून काढून वहीवर ठेवले. मास्तरांनी विचारलं, "हे कुठल्या खात्यातले?" बाई म्हणाल्या, "कोथिंबिरीच्या."

मास्तरांनी पावती फाडली. आपल्याच परसातला भोपळा आपणच अकराशेला घेतल्याची, नव्या शिक्क्यानिशी.

दुसऱ्या दिवशी त्या भोपळ्याचे घारगे आख्ख्या कंपाउंडमध्ये गेले. आमच्याकडचं ताट मास्तर स्वतः घेऊन आले. गरम होते, वर तूप होतं. आईनं "किती करता हो" म्हणून भरल्या डोळ्यांनी ताट हातात घेतलं, तर ते उंबऱ्यातच थांबून म्हणाले, "ताट आजच मोकळं करा. नाताळच्या करंज्यांचं एक आणि गुड फ्रायडेचं एक, अशी तुमच्याकडून दोन येणे आहेत."