पडद्याआडची सोय

मॉनिटर गरजेनुसार निवडावा, हे शास्त्र लातूर-नांदेडकडच्या कचेऱ्यांतल्या टेबलांना जितकं उमगलं तितकं क्वचितच कुणाला. गरज एकच: समोरचा माणूस दिसू नये. 22 इंचीआड जेमतेम चेहरा लपतो, टक्कल वर राहतं. 24 इंची पडदा सुमारे 53 सेंटिमीटर रुंद. त्यामागे चेहरा, चहाचा कप आणि बशीतली चुरमुऱ्यांची सुशीला, तिन्ही सुखरूप. 27 इंचीमागे शेजारचा सहकारीही मावतो, पण तो मान हुद्द्याप्रमाणे मिळतो. उंची कमी पडली तर खाली प्रलंबित अर्जांचा गठ्ठा सारावा. एरवी इतके अर्ज जपून ठेवण्याचं कारण काय?

फुल एचडी पडद्यावर 20 लाखांहून अधिक ठिपके असतात, त्यामुळे ‘सर्व्हर डाऊन’ ही अक्षरं ठसठशीत उमटतात. 144 हर्ट्झचा पडदा सेकंदाला 144 वेळा ताजा होतो. त्यावरचा जमिनीचा फेरफार मात्र जागचा हलत नाही. वरचं प्लास्टिक काढू नये. दसऱ्याचं हळदकुंकू त्यावरच नीट बसतं.

राहिली वीजजोडणी. टेबलाखाली सॉकेट एकच असतं, आणि त्यात साहेबांच्या मोबाइलचा चार्जर असतो.