घाटनांदूरचं अर्थिंग

बीड जिल्ह्यात गाडीची पारख तिच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेवरून होते. रंग, पडदा, छताची काच या गोष्टी त्यानंतर, आणि त्याही कुणी विचारल्या तर. घाटनांदूरच्या आमच्या गल्लीत ज्याच्या नळाची पाइप रस्ता ओलांडते, त्याने तिच्यावर मातीचा उंचवटा केलेला आहे, आणि पाइप कुणाच्याही असल्या तरी नळाला पाणी नसल्यामुळे त्या उंचवट्यांचा उपयोग फक्त गाड्या अडवायला होतो. आमची जुनी विजेची सेडान तिथे शिरली की पोरं धावत यायची. गाडी बघायला नव्हे, ऐकायला. चालताना तिचा आवाज नसे, पण पहिल्या उंचवट्यावर ती पोटातून असा काही आवाज काढायची की शेजारच्या म्हातारीने एकदा "कोण पडलं रं?" म्हणून विचारलं होतं.

आता सेडान घेतलीच कशाला, तर तेव्हा विजेवर जास्त करून तेच मिळत होतं. 2017 साली सरकारच्या ईईएसएल कंपनीने 10,000 विजेच्या गाड्यांची मागणी नोंदवली, तेव्हा टाटांची टिगोर आणि महिंद्रांची ई-व्हेरिटो या दोन्ही डिकीवाल्या, साहेबाने मागे बसायच्या गाड्या होत्या. या गाड्या आधी सरकारी नोकरीला लागल्या आणि मग संसारात आल्या. जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही आली आणि लोकांना कळलं की बॅटरीवर उंच गाडीही चालते. त्यानंतर जो तो उंच होत गेला. आम्ही तेवढे खाली राहिलो.

गाडी बदलायचं ठरलं ते मात्र घरच्या दोन कारणांनी. पहिलं कारण काकू. मागच्या सीटवर त्या बसायच्या व्यवस्थित, पण उतरताना दोघांनी हात धरून ओढल्याशिवाय बाहेर येत नसत. दुसरं कारण ज्वारी. नाना, म्हणजे माझे चुलते, दर वर्षी सुगी झाली की शाळूचे दोन कट्टे आणि तुरीच्या डाळीचा एक डबा द्यायचेच. दोन कट्टे डिकीत टाकले की सेडान मागून बसायची, आणि गल्लीतले सगळे उंचवटे पुन्हा नव्याने ऐकू यायचे.

नाना तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले होते. जुनी देऊन नवी घ्यायची आहे म्हटल्यावर ते स्वतःहून शोरूमला निघाले. तरुणपणी त्यांनी हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून देवणी बैलांच्या जोड्या आणल्या आहेत. व्यवहार म्हटला की त्यांना कुणी घरी ठेवू शकत नाही.

शोरूममधल्या मुलाने जुन्या गाडीला यंत्र जोडलं आणि सांगितलं, "बॅटरीची हेल्थ 91 टक्के आहे."

"मह्या तब्येतीचं डॉक्टरबी इतकं नेमकं सांगत नाही," नाना म्हणाले. "दात कुठं बघायचे हिचे?"

मुलगा हसला. त्याला वाटलं विनोद आहे. नानांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चारी टायर हाताने चाचपले, बॉनेटवर थाप मारली, आणि खांद्यावरचं उपरणं काढून मुलाच्या हातावर टाकलं. बैलबाजारात भाव बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून सांगतात. नानांनी आत काय दाबलं ते मला कळलं नाही. मुलाने मात्र दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "आजोबा, एवढा आनंद झालाय तर फीडबॅकमध्ये पाच स्टार द्या."

पुढचा हिशेब नानांना पटला नाही तो नाहीच. नव्या विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के. जुनी विजेची गाडी विक्रेत्याने विकली की त्याच्या नफ्यावर 18 टक्के. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेने तसं ठरवलं. "मंजी कालवडीला पाच अन् म्हाताऱ्या गाईला अठरा?" नानांनी विचारलं. मुलाने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने चहा मागवला. या प्रश्नावर आजवर मिळालेलं सगळ्यात समाधानकारक उत्तर तेच.

तर सेडान गेली आणि 45 युनिटच्या बॅटरीची क्रॉसओव्हर आली. क्रॉसओव्हर म्हणजे जीपचा रुबाब असलेली आणि जीपची कामं न करणारी गाडी. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं तीच, फक्त आता ती गुडघ्याऐवजी मांडीच्या उंचीला आली. नानांना घेऊनच आम्ही घाटनांदूरला निघालो. नाना पुढे, मी चालवायला, बायको आणि मुलगी मागे, आणि मुलीच्या फोनमध्ये चार्जरवाल्यांची इतकी अॅप की आजीच्या बटव्यातल्या पुरचुंड्यांची आठवण तिच्या आईला झाली असती, पण ती झोपली होती.

पुणे–नगर रस्ता विजेच्या वाहनांसाठी तसा मानाचा. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी याच रस्त्यावर धावली आणि 1 जून 2022 ला एसटीची विजेवरची 'शिवाई'ही इथूनच सुरू झाली. हे मी नानांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. समोरून एक शिवाई गेलीही. नानांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली आणि विचारलं, "तिच्यात कट्टे टाकू देतेत का?"

अहिल्यानगरला (नाना अजून नगरच म्हणतात आणि पुढेही म्हणतील) चार्जिंगला थांबलो. एका हॉटेलच्या आवारात यंत्र होतं. मुलीने अॅप उघडलं, त्यात पैसे भरले, ओटीपी आला, गन लावली, यंत्राने 'कृपया वाट पाहा' असं लिहिलं आणि आपला शब्द पाळला. हेल्पलाइनवरच्या बाईंनी आम्हाला यंत्राचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, माझं नाव आणि शेवटी आम्ही नक्की कुठे आहोत हे विचारलं. एवढ्यात वॉचमन तंबाखू मळत आला. यंत्राच्या बाजूचं मोठं लाल बटण त्याने धरून फिरवलं, ते टक्कन बाहेर आलं आणि चार्जिंग सुरू झालं. "पोरं जाता जाता दाबतेत," तो म्हणाला. देशातली चार्जिंगची व्यवस्था कोण चालवतं, असं मला कुणी विचारलं तर मी त्या वॉचमनचं नाव सांगेन. ते मी विचारायचं विसरलो नाही, पण त्याने सांगितलं नाही.

कडा, आष्टी, जामखेड मागे पडलं आणि सौताड्याचा घाट आला. इथे रस्ता बालाघाटच्या माथ्यावर चढतो आणि विजेच्या गाडीतला प्रत्येक माणूस बाहेरचा डोंगर सोडून आतला आकडा बघायला लागतो. आकडा भराभर उतरत होता. मी नानांना धीर दिला, "काळजी करू नका. चढावर जेवढी वीज जाते, ती उतारावर परत भरते."

"सगळी?"

"सगळी नाही, थोडी."

"मंजी पीकविम्यावानी," नाना म्हणाले आणि निश्चिंत झाले. रिजनरेशनची इतकी अचूक व्याख्या मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेली नाही.

पाटोदा ओलांडून मांजरसुंब्याकडे जाताना माथ्यामाथ्यावर पवनचक्क्या दिसतात. नाना त्यांच्याकडे संशयाने बघतात. वारा आमचा, डोंगर आमचा आणि लाइट जायची ती आमचीच, हे त्यांचं जुनं गाऱ्हाणं. केज गेलं, अंबाजोगाई आली. योगेश्वरीला गाडीतूनच हात जोडले. मुकुंदराज इथले की आंभोऱ्याचे, या वादात नाना पडत नाहीत. ते इथलेच, हे त्यांनी केव्हाच निकालात काढलं आहे. इथून अहमदपूरकडच्या रस्त्याला लागलं की घाटनांदूर. एवढ्या मोठ्या अंबाजोगाईला रेल्वे स्टेशन नाही, आणि आमच्या घाटनांदूरला निजामाच्या काळापासून आहे. जिल्ह्याच्या गावाला, खुद्द बीडला, रेल्वे यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडलं. त्यामुळे बीडची माणसं रेल्वेबद्दल बोलायला लागली की नाना लहान मुलाचं ऐकावं तसं कौतुकाने ऐकून घेतात.

गल्लीतून क्रॉसओव्हर एकही आवाज न करता दारापर्यंत गेली. पोरांची घोर निराशा झाली. मोठी माणसं जमली.

"बसतेत किती?"

"पाच," मी म्हणालो.

"मंजी नऊ," एकाने भाषांतर केलं आणि बाकीच्यांनी ते मान्य केलं.

"अॅव्हरेज काय देती?"

"एका चार्जिंगमध्ये कंपनी सांगते त्याहून कमी."

"मग ठीकय," तो म्हणाला. खरं बोलणारी गाडी दिसल्यावर त्याचा विश्वास बसला.

काकू नव्या गाडीत बसायला उत्साहाने पुढे आल्या आणि दारापाशी थांबल्या. सीट त्यांच्या कमरेच्या वर होती. पाट आणला, तो घसरला. विटा लावल्या, त्या हलल्या. शेवटी दोघांनी हात धरून त्यांना वर चढवलं. पूर्वी बाहेर काढायला दोघं लागायचे, आता आत घालायला. उतरल्या मात्र त्या आपल्या आपण, झटकन. म्हणजे लाखो रुपये खर्चून आम्ही काकूंची अडचण दाराच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेली.

रात्री गाडी चार्जिंगला लावली. ओसरीतल्या पंधरा अँपिअरच्या प्लगमध्ये केबल खोचली, तिच्या डबीवर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावली, पुन्हा लाल. वायरमनला बोलावलं. त्याने प्लग उघडला. तिसरी तार होती, पण ती कशालाच जोडलेली नव्हती. भिंतीत शिरून आतल्या आत संपली होती. "अर्थिंग न्हाई," तो म्हणाला. "पंख्याला, टीव्हीला कळत न्हाई. हिला कळतंय. बिन अर्थिंगची ही करंट घेतच न्हाई."

चाळीस वर्षं त्या घरात वीज आहे आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. आता अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला गेला. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ भरलं, तार जोडली. दिवा लालच. वायरमनने खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाला, "कोरडं हाय. दोन घागरी पाणी वता."

एप्रिलचा महिना. बोअर आटलेला, टँकर दिवसाआड. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "माणसाला प्यायला न्हाई आन् जमिनीत वता म्हणायलाव?"

यावर नाना जे बोलले, ते अंबाजोगाई तालुक्यात ऊर्जेच्या प्रश्नावर झालेलं सगळ्यात महत्त्वाचं भाषण आहे असं माझं मत आहे. ते म्हणाले, "आगं, परळीचं थर्मल कामून बंद पडलं? 2015 ला पाणी नव्हतं म्हणून. कोळसा ढिगानं पडला होता. इथंबी कोळसा टाकलाय, पाणीच न्हाई. लाइट मंजी पाणीच असतंय." लातूरला 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, हेही त्यांनी जोडून सांगितलं, त्याचा इथे काय संबंध ते कुणी विचारलं नाही, कारण पाण्याचा आमच्याकडे सगळ्याशी संबंध असतो.

काकूंनी पिण्याचं पाणी दिलं नाही. त्यांनी न्हाणीचा पाट फोडला आणि सांडपाणी दोन हातांच्या चारीने थेट खड्ड्यात काढून दिलं. मग मला आंघोळीला पाठवलं. रात्रीचे नऊ वाजले होते. माझ्या दुसऱ्या तांब्याला बाहेरून ओरडा झाला, "हिरवा लागला!" बायको आणि मुलीलाही लगेच पाठवण्यात आलं, खबरदारी म्हणून. शेजारचे दोघं मदतीच्या भावनेने टॉवेल घेऊन आले, त्यांना काकूंनी परत लावलं.

घरच्या प्लगवर ही गाडी पूर्ण भरायला पंधराएक तास घेते, आणि मधे लाइट गेली की तास नुसते बसून राहतात. सकाळी खड्डा सुकून दिवा पुन्हा लाल झाला, तेव्हा नाना आपण होऊन न्हाणीत गेले. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं म्हणून मानेपासून खालीच आंघोळ केली. तेवढी पुरली.

पुढच्या महिन्यात नानांचा फोन आला. गाडी दोनदा भरून घेतली, तेवढ्यात वीज बिल शंभर युनिटांच्या वर सरकलं आणि पुढच्या स्लॅबचा दर लागला. पैसे पाठवतो म्हटलं तर रागावले. तक्रार पैशांची नव्हती. स्लॅब चढल्याचं त्यांनी गल्लीत सगळ्यांना बिल दाखवून सांगितलं होतं, आणि आता दोन भाऊबंद विजेची स्कूटर घेऊन त्यांच्याच प्लगवर येतात.

त्या फेरीत पुण्याला परतताना शाळूचे चार कट्टे गाडीत बसले होते. त्या ओझ्याने गाडी सेडानइतकीच खाली आली आणि शेवटच्या उंचवट्यावर पोरांना हवा तो आवाज झाला.

तरी कुणी विजेची गाडी घेऊन घाटनांदूरला येणार असाल, तर सेडान आहे की क्रॉसओव्हर याचा विचार करत बसू नका. फक्त आदल्या दिवशी नानांना कळवा, म्हणजे घरातली आंघोळीची पाळी लावता येईल. साबण तुमचा तुम्ही आणा.