प्रिंटवाले नाना

नानांनी आजवर एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही. पहिली पाच-सात मिनिटं ते टीव्हीला इतके खेटून बसतात की मागच्यांना फक्त त्यांची टोपी दिसते. काळ्या रंगात दाणे आहेत का, हिरॉइनच्या ओठांचा लाल रंग गालावर ओघळतोय का, पाट्या वाचता वाचता थरथरतात का, एवढं तपासायचं आणि उठायचं. "प्रिंट बरी हाय," किंवा "प्रिंट गेली." असा निकाल देऊन ते अंगणात तंबाखू मळत बसतात. खून कुणी केला आणि हरवलेला भाऊ सापडला का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

मुंबई-पुण्यात जन्मले असते तर कुणीतरी त्यांना वर्तमानपत्रात सदर दिलं असतं. नाना पडले येडशीचे. सोलापूर-संभाजीनगर हमरस्त्याला बार्शी-लातूर रस्ता जिथे कापतो तिथलं हे गाव. घाटाच्या पोटात रामलिंगाचं देऊळ, श्रावणात यात्रा, बारा महिने माकडं. रावणाला आडवा गेलेला जटायू इथेच पडला अशी आख्यायिका आहे. नाना म्हणतात, हरणाऱ्याच्या बाजूनं लढायची सवय या गावाला तेव्हापासूनची. गावाचं माहीत नाही, पण नानांना आहे.

त्यांची पहिली लढाई बेटामॅक्सची. सोनीनं बेटामॅक्स १९७५ साली बाजारात आणलं, जेव्हीसीनं पुढच्याच वर्षी व्हीएचएस. दोघांच्या कॅसेटी निराळ्या, हिची त्याच्यात जात नाही. आपल्याकडे १९८२च्या एशियाडनं रंगीत टीव्ही आणला आणि त्याच्या पाठोपाठ गावोगाव व्हिडिओ आला. गणपतीत नाहीतर बारशाला बार्शीहून टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं यायचा. रात्रभरात तीन सिनेमे आणि उजाडायच्या आत सगळं जीपमध्ये परत. लोक कुठला सिनेमा आणलाय ते विचारायचे. नाना यंत्राच्या पोटात हात घालून कॅसेट कुठली जाते ते बघायचे.

बेटाचं चित्र सरस, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. फरक खरं तर बारीक होता आणि अमेरिकेत निकाल लागला तो चित्रावर नाहीच. बेटाच्या सुरुवातीच्या कॅसेटमध्ये एक तास मावायचा, व्हीएचएसमध्ये दोन. आपल्या सिनेमात नायक-नायिकेची धडक होऊन पुस्तकं खाली पडायलाच तास लागतो, तिथं एका तासाच्या कॅसेटची बाजू घ्यायला नानाच हवेत. मुंबईला जाऊन त्यांनी जुना बेटामॅक्स आणला. विकणाऱ्यानं घासाघीस न करता वरचे पन्नास रुपये सोडले, शिवाय एक कॅसेट फुकट दिली, तेव्हाच शंका यायला हवी होती.

बार्शीच्या लायब्ररीत बेटाची एकही कॅसेट नव्हती. उस्मानाबादेत तर दुकानदारानं "कुणाचा बेटा?" असं विचारलं. उरली ती फुकटातली कॅसेट, आणि तिच्यात होता गोल्फचा सामना. वर्षभर येडशीनं गोल्फ पाहिला. चेंडू कुणालाच दिसायचा नाही. "चेंडू कशाला बघायलाव? गवत बघा, गवत!" नाना पडद्यावर बोट आपटत सांगायचे. "व्हीएचएसात असलं गवत दिसतंय का?" मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, माणसं खरोखरच तेवढ्यासाठी येऊन बसायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे कुणाचं रान हाय? एवढं हिरवं, अन् गुरं का सोडनात?"

१९८८ साली खुद्द सोनीनंच व्हीएचएसची यंत्रं काढायला घेतली. नानांना ही बातमी बऱ्याच उशिरा कळली, पण जखम ताजीच झाली. पुढं जे घडलं ते या जखमेतून.

मधे १९९४ साली लेकीचं लग्न झालं. बार्शीच्या फोटोग्राफरनं शूटिंग केलं, अर्थात व्हीएचएसवर. म्हणजे लेकीच्या लग्नाची कॅसेट घरात आणि ती चालेल असं यंत्र घरात नाही. काकूंनी ती शेजारी जाऊन दोनदा पाहिली. पुढं शेजाऱ्यांचा व्हीसीआर बिघडला आणि कॅसेट कपाटात साड्यांच्या खाली गेली. "जरा थांब," नाना म्हणाले, "चांगला फॉरमॅट आला की त्यात करून घेऊ. घाई केली की क्वालिटी जाती."

मग सीडीचं युग आलं. गाव व्हीसीडीवर गेलं, म्हणून नाना डीव्हीडीवर. व्हीसीडीत एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मावायचं, त्यामुळे सिनेमा दोन-तीन तबकड्यांवर चढायचा आणि दुसरी नेमकी चरा पडलेली निघायची. या बाबतीत नानांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, हे मी लिहून ठेवतो. पण बरोबर असणं आणि जिंकणं यांचा त्यांच्या आयुष्यात संबंध आलाच नाही. २००७ साली मोझर बेअरनं सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. नाना स्टँडवरच्या दुकानापुढं उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे. "सहा रुपयं! सहा रुपयांसाठी प्रिंट सोडायलाव?" लोक सहा रुपये वाचवायचे आणि त्यातून नानांनाच चहा पाजायचे.

तबकडी हाताळायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. अंगठा कडेवर, मधलं बोट भोकात. आधी उजेडात तिरकी धरून चरे बघायचे. मग हळूच एक फुंकर. मग चष्म्याचं पिवळं फडकं काढून आतून बाहेर, सरळ रेषेत, एकेक फटकारा. गोल कधीच नाही. गोल पुसलं तर चरा खाचेच्या बाजूनंच लांबत जातो, हे ते प्रत्येकाला ऐकवायचे. हे चाललेलं असताना थोरला मुलगा तबकडी त्यांच्या हातून काढून बनियनवर गरागरा फिरवायचा आणि प्लेअरमध्ये सारायचा. ती चालायची. नानांचा खरा संताप तिथं होता. चालायला नको होती.

नाना उस्मानाबादला एका कचेरीत नोकरीला, रोज एसटीनं अप-डाऊन. निवृत्ती जवळ आली आणि तिथल्या सायबर कॅफेत त्यांना इंटरनेट भेटलं. ताशी वीस रुपये. बेटाची लढाई ते एकटे हरले होते. इथं त्यांना कळलं की जगभर आपल्यासारखी माणसं हजारांनी पसरली आहेत, सगळीच तावातावानं भांडतायत आणि त्यातली बरीच सिनेमा पूर्ण बघतच नसावीत.

पहिल्याच महिन्यात त्यांनी डिव्हएक्सचा इतिहास पाठ केला. अमेरिकेतल्या सर्किट सिटी नावाच्या दुकानसाखळीनं १९९८ साली डीव्हीडीसमोर ही तबकडी उभी केली होती. साडेचार डॉलरला घ्यायची, एकदा लावली की ४८ तास बघायची, पुन्हा बघायची तर पुन्हा पैसे, आणि हिशेबासाठी प्लेअरला टेलिफोनची तार जोडून ठेवायची. म्हणजे रात्री तुम्ही झोपल्यावर प्लेअर फोन करून मालकाला सांगणार की यांनी काय बघितलं. इंटरनेटवरच्या डीव्हीडीच्या भक्तांनी त्याविरुद्ध एवढं रान उठवलं की ग्राहक बिचकले. इतरही कारणं होतीच, पण १९९९च्या जूनमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला आणि ११ कोटी डॉलरच्या वर नुकसान सोसलं. नानांना हे वाचून भरून आलं. आपल्या बाजूचा कुणीतरी जिंकू शकतो, हा शोध त्यांना पन्नाशी उलटल्यावर लागला.

त्याच सुमारास जगात नवी लढाई पेटली होती. एकीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसरीकडे सोनीची ब्लू-रे. कागदावर ब्लू-रे वरचढ, एका थरात २५ जीबी, एचडी डीव्हीडीत १५. आयुष्यभर सरस चित्राच्या मागं धावलेल्या माणसानं ब्लू-रे निवडायला हवी होती. पण ती सोनीची. बेटाला वाऱ्यावर सोडणाऱ्या सोनीची. "ज्यानं पोटचा बेटा टाकला त्याच्या दारात मी जायचा न्हाई," असं म्हणून नाना तोशिबाच्या गोटात दाखल झाले. तत्त्व सोडून वैर धरलं ते आयुष्यात एकदाच, आणि त्याच वेळी तत्त्व जिंकलं.

इथं सांगायला हवं की नानांनी दोन्हीपैकी एकही तबकडी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. येडशीतच काय, जिल्ह्यात कुणाकडे असेल असं वाटत नाही. गावात तेव्हा अर्धाअर्धा दिवस लोडशेडिंग. पण नाना रोज संध्याकाळची एसटी चुकवून ॲमेझॉनवर कुठल्या तबकडीचा खपाचा क्रमांक कितीवर आला ते वहीत उतरवायचे. हे वेड त्यांचं एकट्याचं नव्हतं, दोन्हीकडचे भक्त तेच करत होते. २००७ साली एचडी डीव्हीडीचं कुलूप उघडणारी बत्तीस अक्षरांची किल्ली इंटरनेटवर फुटली. कंपन्यांच्या वकिलांनी ती काढून टाकायला लावली, तर लोकांनी हट्टानं हजारो ठिकाणी छापली, टीशर्टावर लिहिली, तिची गाणी केली. नानांनी ती किल्ली वहीच्या पहिल्या पानावर, श्रीरामच्या खाली, लाल शाईत लिहून घेतली. कुलूप नाही, पेटी नाही, किल्ली मात्र सुरक्षित.

४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सनं आपण फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं. बातमी रातोरात जगभर झाली. एचडी डीव्हीडी वाचवा म्हणून इंटरनेटवर सह्यांची मोहीम निघाली, तिच्यात नानांनी मुक्काम पोस्ट येडशी असा पुरा पत्ता घालून सही केली. १९ फेब्रुवारीला तोशिबानं हात टेकले. बाजारात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. बेटामॅक्स रडतखडत चाळीस वर्षं जगला कारण वाईट बातमीला पाय नव्हते, बार्शीच्या दुकानातून ती यायला महिने लागायचे. इंटरनेटनं हरणाऱ्याला एवढी सवड ठेवली नाही. कुणाची बाजू पडतेय हे सगळ्यांना एकाच दिवशी कळलं, आणि पडत्याची तबकडी कोण घेणार?

त्याच सुमारास गावावरून जाणारी बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज आली. नाना नॅरोगेजच्या बाजूनं होते, हे सांगायला नकोच.

निवृत्तीच्या पैशातून मुलानं चिनी डीव्हीडी प्लेअर आणला. त्याच्या तोंडावर ठळक अक्षरात डिव्हएक्स! नाना दोन दिवस जेवले नाहीत. खरं तर या डिव्हएक्सचा त्या डिव्हएक्सशी संबंध नव्हता. चित्रपट दाबून लहान करण्याच्या एका युक्तीला एका फ्रेंच पोरानं थट्टेनं त्या पडलेल्या तबकडीचं नाव दिलं, आणि इंटरनेटवरून ती युक्ती जगभर गेली. तिच्यामुळे एका तबकडीत पाच-पाच सिनेमे मावू लागले. तेच पुढं मेमरी कार्डात मावले. स्टँडवरच्या मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत कार्ड भरून मिळायला लागलं आणि डीव्हीडीचा दुकानदार रिचार्ज विकायला बसला.

शेवटचा तडाखा २०१६ सालचा. मार्चमध्ये सोनीनं बेटाच्या कॅसेटी बनवणं थांबवलं. जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीएचएसचा व्हीसीआर बनवणं थांबवलं. सप्टेंबरात जिओ आलं. नानांनी वहीत पहिल्या दोन तारखांखाली रेघ मारली. "बघा, एकाच वर्षात दोघंबी गेले. म्हंजी बरोबरीत सुटली." तिसऱ्या तारखेचा उल्लेख त्यांनी केला नाही.

वाटलं, आता भांडायला काही उरलं नाही. पण नातवाच्या फोनमध्ये नानांना एचईव्हीसी आणि एव्ही-वन यांचं भांडण सापडलं. तबकडी नाही, कॅसेट नाही, दिसायला काहीच नाही, फक्त दाबून पाठवायच्या दोन निरनिराळ्या तऱ्हा. नानांना याहून शुद्ध लढाई मिळणार नव्हती. एव्ही-वन फुकट वापरता येतं, मागं मोठमोठ्या कंपन्या आहेत, म्हणून नाना एचईव्हीसीचे. स्टँडवर चहा पिताना ते कंडक्टरला बिटरेट समजावून सांगतात. कंडक्टर म्हणतो, "नाना, चिल्लर द्या."

कपाटातली कॅसेट मात्र अजून चांगल्या फॉरमॅटची वाट बघत होती. काकूंनी एक दिवस ती पिशवीत घातली आणि कुणाला न सांगता बार्शीला नेली. स्टुडिओतल्या पोरानं बुरशी पुसली, कॉम्प्युटरवर घेतली आणि तुकडे करून व्हॉट्सॲपवर पाठवली. दुपारी काकू ओट्यावर बसून फोनमध्ये लग्न बघत होत्या. कोण कुठल्या पंगतीत बसलंय, कुणी आहेर न देता जेवून गेलंय, सगळं मोठ्यानं चाललेलं. लेकही माहेरी आलेली, नातू मांडीवर. नाना मागून आले, चष्मा चढवला आणि वाकून पाच सेकंद पाहिलं.

"काय बघूलालाव गं हे? रंग उडालाय. अन् चौकोनी चित्र ताणून लांबडं केलंय त्यानं. चारास तीनचं सोळास नऊ. सगळी माणसं बुटकी दिसूलालीत. मी तर निम्माच दिसूलालोय."

काकूंनी मान वर केली नाही.

"तुम्ही तवाबी तेवढेच होताव," त्या म्हणाल्या, "जरा सरका, उजेड अडूलालाय."