ब्लॅकआउटमधला डबा ऐसपैस

१९७१ च्या डिसेंबरात मुंबईच्या चाळींतली पोरं जे खेळ खेळली ते जुनेच होते. नियम तेवढे युद्धाने बदलले. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडच्या भारतीय विमानतळांवर हल्ला केला आणि शहरात ब्लॅकआउट आला. खिडक्यांच्या काचांना काळे, खाकी कागद लागले, मोटारींचे दिवे अर्धे काळे झाले. पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्यामुळे पहिले काही दिवस चंद्राने मात्र सरकारी हुकमाला दाद दिली नाही.

अंधार सर्वांत जास्त मानवला तो डबा ऐसपैसला. राज्य असलेल्याने लपलेल्याचं नाव चुकवलं की ‘अंडं’ फुटतं आणि राज्य पुन्हा त्याच्याच गळ्यात पडतं. गडी एरवी शर्ट बदलून फसवायचे. ब्लॅकआउटमध्ये तेवढेही कष्ट उरले नाहीत. अंड्यांचा नुसता सडा पडायचा, आणि डबा खणखणला की वरच्या गॅलरीतून शत्रूच्या विमानापेक्षा मोठा आवाज यायचा.

‘दिवा बंद करा!’ असं वडीलधाऱ्यांवर ओरडण्याचा अधिकार मुलांना आयुष्यात प्रथमच मिळाला होता. तो त्यांनी दिवे बंद असलेल्या घरांवरही बजावला. भोंग्याची नक्कल हा वेगळा खेळ. वरखाली होणारा आवाज धोक्याचा, सलग आवाज धोका टळल्याचा. नक्कल फारच हुबेहूब झाली तर धपाटा ठरलेला.

चोर-पोलिसाचं भारत-पाकिस्तान होणं ओघानेच आलं. अडचण एकच, पाकिस्तान व्हायला कोणी तयार नसे. चकून ठरवलं तरी हरलेले रडीचा डाव खेळत. शेवटी ते पद कच्च्या लिंबांकडे जाई. ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीजवळ हल्ला चढवल्यावर लगोरीच्या चिपांना कराची हे नाव पडलं. इथे मात्र खेळाचे नियम युद्धनीतीला आडवे आले. लगोरी फोडणाऱ्यांनीच ती पुन्हा रचायची असते. त्यामुळे कराची उद्ध्वस्त करणाऱ्या भारतालाच ती निमूटपणे उभी करून द्यावी लागे आणि वर पाकिस्तानचे चेंडू पाठीत खावे लागत.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. चाळीत तोही प्रसंग झालाच. नियाझी अर्थात कच्चा लिंबूच झाला. त्याला सही येत नव्हती, म्हणून शरणागती अंगठ्यावर भागवण्यात आली.