स्वतःचा मायना

स्वतःविषयी दोन शब्द चांगले लिहिताना संकोच वाटावा असा माझा स्वभाव नाही. संकोच वाटतो तो तसे लिहिताना कोणी पाहत असेल तर. म्हणूनच, सेवानिवृत्तीनंतर हिशेबतपासणीची चार कामे घरबसल्या मिळावीत या हेतूने लिंक्डइनवर माझी प्राणप्रतिष्ठा करण्याचे पुतणीने मनावर घेतले, तेव्हा नावाखाली झळकणाऱ्या त्या एका ओळीचा, म्हणजे तिच्या भाषेत हेडलाइनचा, मसुदा मी खोलीचे दार लावून करावयास बसलो. "निवृत्त लेखापरीक्षक" एवढे वाचूनच ती म्हणाली, "काका, 'निवृत्त' दिसलं की माणूस पुढे जातो. हुद्दा नको. तुमच्यामुळे समोरच्याचा काय फायदा होईल ते लिहा!" ज्याच्या आगमनाने समोरच्यास घाम फुटावा यातच ज्याच्या नोकरीची सार्थकता, त्याने समोरच्याचा फायदा आणावा कोठून?

तरीही 'अर्थव्यवहारांचा सजग प्रहरी', 'परिवर्तनाचा शिल्पकार' अशी विशेषणे कागदावर उतरू लागली, आणि लिहून झाल्यावर ती आपल्यास फारशी सैल होत नाहीत असेही मला वाटू लागले. अडचण निघाली ती जागेची. या ओळीस 220 अक्षरांची मर्यादा आहे, आणि संगणकाच्या दप्तरी काना, वेलांटी, अनुस्वार, फार काय, अक्षराचा पाय मोडणारे चिन्हदेखील स्वतंत्र अक्षर म्हणून जमेस धरले जात असल्यामुळे, 'कार्यक्षम' हा आपल्या दृष्टीने चार अक्षरांचा शब्द तेथे नऊ अक्षरांची जागा अडवून बसतो. इतरांच्या प्रवासभत्त्यांना जन्मभर निर्विकार मनाने कात्री लावणाऱ्या मला स्वतःच्या मोठेपणातील एकेक वेलांटी कमी करताना काय यातना झाल्या असतील, याची वाचकांनी कल्पना करावी.

येथे मला जुन्या पत्रांतील मायन्याची आठवण होते. हा विषय मी काढला की घरातील मंडळी हळूहळू स्वयंपाकघराकडे वळतात; वाचकांना तेवढी सोय नाही. पेशवाईतील एखादे मोडी पत्र पाहावे. सरदाराला लिहावयाचे तर 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री', वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्यांना 'चिरंजीव' अशी ज्याची त्याची पायरी ठरलेली. ती चुकली तर पुढील मजकूर साखरेत घोळला तरी वाचणाऱ्याच्या मनात अढी बसावयाचीच. आणि या सगळ्या वैभवात पत्र लिहिणारा कोठे असे? तो बिचारा 'सेवक', 'आज्ञाधारक', 'विज्ञापना ऐसीजे' म्हणत कडेला उभा राही आणि 'बहुत काय लिहिणे' म्हणून निरोप घेई. अलंकार सारे वाचणाऱ्याच्या अंगावर! इंग्रजी अमदानीतही 'रावबहादूर' ही पदवी सरकारने दिल्यावाचून कोणी नावामागे लावीत नसे. गोपाळ हरी देशमुखांना ती मिळाली होती. पण ती आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. स्मरणात राहिले ते 1848 साली 'प्रभाकर' पत्रात लिहावयास आरंभ केल्यावर त्यांनी आपण होऊन धारण केलेले 'लोकहितवादी' हे सहा अक्षरांचे नाव, आणि त्याखाली शंभरांवर पत्रे लिहून त्यांनी ते सार्थही करून दाखविले. माझ्या 'शिल्पकारा'खाली लिहावयास मजजवळ काय होते?

मायन्याची दिशा अशी उलटली याची गंमत मी पुतणीस समजावून सांगत होतो, इतक्यात पडद्यावर एक जुना सहकारी दिसला. त्याच्या छायाचित्राभोवती हिरवी कड होती. ती कशासाठी, असे मी विचारले. "काम शोधताहेत ते," पुतणी म्हणाली. आमच्याकडून तो एका खासगी कंपनीत गेला होता. तिने खर्च कमी करावयाचा म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या त्याला घरी बसविले होते. नावाखाली 'ध्येयवेडा, फलनिष्ठ, गतिमान नेतृत्व' अशी विशेषणांची रांग. या गतिमान नेत्यास मी ओळखत नाही. मी ओळखतो तो एका शिपायाच्या निवृत्तिवेतनात कमी लागलेली रक्कम शोधण्यासाठी रात्री उशिरापर्यंत जुन्या सेवापुस्तकांवर वाकून बसलेला, आणि ती सापडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याविषयी अवाक्षरही न काढणारा गृहस्थ. अशा माणसास या वयात चव्हाट्यावर उभे राहून स्वतःची ललकारी स्वतःच द्यावी लागावी, याचा मला मनस्वी संताप आला. त्याला हसावयाचा अधिकार मात्र मला नव्हता, कारण घराचे हप्ते विनयावर फिटत नाहीत.

सुदैवाने त्याच ठिकाणी 'शिफारस' नावाचे एक सदर असते आणि तेथील मजकूर ज्याचा त्यास लिहिता येत नाही, दुसऱ्यानेच लिहावा लागतो. जुन्या मायन्याचा न्याय तेवढ्यापुरता शाबूत आहे. तेथे मी त्या निवृत्तिवेतनाची हकिकत एकही विशेषण न घालता लिहिली. वाचकांस विनंती अशी, की आपल्या माहितीतील एखाद्या अबोल सहकाऱ्याविषयी त्यांनीही दोन खऱ्या ओळी लिहाव्यात. माझ्या नावाखाली सध्या 'हिशेब तपासतो' एवढेच आहे. शिफारशींचे सदर मात्र अगदीच रिकामे आहे, हे केवळ माहितीसाठी.